हातभार नव्हे, मजुरी

"सबड्युरल हिमॅटोमा," डॉक्टर म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं. कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साकळलंय, ते मेंदूला दाबतंय, लगेच ऑपरेशन लागेल. मग विचारलं, "नक्की कुठून पडले? घरातल्या जिन्यावरून पडून एवढा मार लागत नाही."

जिना? आमचं कडेगावचं घर बैठं आहे.

मी सांगलीच्या दवाखान्यात पोहोचण्याआधीच यांच्या आतेभावाने ती थाप मारून ठेवली होती. बांधकामाचा ठेका त्याचाच. गिलावा करताना हे दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली आले होते. मी खरं सांगितलं. तेव्हा डॉक्टरांनी मानेचाही स्कॅन करायला लावला आणि पोलिसांना कळवलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर दवाखान्यात आधी खरं सांगा, बाकीचं नंतर.

ऑपरेशन चालू असताना मी बाकड्यावर बसून होते. दार उघडलं की मी उठून उभी राहायचे. हे शुद्धीवर येतील का, आले तर मला ओळखतील का, एवढंच डोक्यात. आतेभाऊ शेजारी येऊन बसला.

"वैनी, केस-बीस करू नगा. त्यो काय मजूर हुता व्हय? पाव्हणा म्हणून हातभार लावाय आलता."

अंगाचा तिळपापड झाला. पण ही पळवाट त्याला आमच्याच घराने दिली होती. घरचा ऊस, सासरे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. 'मजूर' हा शब्द घरात चालत नसे. कुणी विचारलं तर मामंजी सांगत, "पोरगं पाव्हण्याच्या कामावर देखरेख करतंय." रोज केसांत सिमेंट घेऊन घरी येणारा देखरेखवाला! गाव काय ओळखत नव्हतं?

हे वाचले. पण उजवा हात लुळा पडला आणि बोलताना शब्द सापडत नाहीत. याला अफेजिया म्हणतात. माणसाला कळतं सगळं, पण तोंडात भलताच शब्द येतो. पाणी हवं असलं की हे 'खोरं' म्हणतात आणि रडतात. फिट येऊ शकते, असं डॉक्टरांनी बजावलंय. न्हाणीत जरा वेळ लागला की मी घाबरून दार वाजवते.

बायकांना कोर्टात मोफत वकील मिळतो, हे मला एका नर्सने सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, कामावर इजा झाली तर भरपाई मागता येते. ठेकेदार नात्यातला असला तरी हक्क बुडत नाही. पोलीस तक्रार वेगळी, भरपाईचा अर्ज वेगळा, आणि अर्जाला मुदत असते.

"पण ते मजूर होते, हे दाखवावं लागेल. साक्षीला कोण येईल?"

बरोबरच्या गवंड्यांची पोटं त्याच आतेभावावर. कुणी येणार नव्हतं. मामंजीही माझ्याबरोबर वकीलबाईंकडे आले होते, शेजारी ताठ बसले होते. ते आता अब्रूचं काढतील आणि सगळं इथंच संपेल, या भीतीने मी मान खाली घातली.

"लिवा, मजूर," मामंजी म्हणाले. "दर आठवड्याला मजुरी माज्या हातात आणून द्यायचा. साक्षीला मी हाय. मजुराचा बाप म्हणून माजं नाव लिवा."

दावा चालू आहे. निकाल काय लागेल, हे किती सुधारतील, कुणी सांगत नाही, आणि भीती काही मला सोडत नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी मामंजींच्या पाया पडले.