रिकाम्या हातानं

भिंगारच्या पोस्टमनचा मला राग यायचा. महायुद्ध चालू होतं, आम्ही लष्करभरतीविरुद्ध पत्रकं वाटत होतो आणि हा सरकारी खाकी मिरवत होता. गल्लीच्या तोंडाशीच तो सायकलवरून उतरे आणि ओरडे, "खुशालीचं पत्र हाय, घाबरू नका!"

एकदा मी टोमणा मारला, "मामा, सरकारची दवंडी का पिटता?"

तो हसला नाही. "माझा पोरगा लढाईत गेला, ती तार मीच घरी नेली. तवापासून माझी चाहूल लागली की कारभारीन कडी लावून घेती."

ज्या सरकारनं पोर खाल्लं, त्यानंच बापाला तार वाहायला लावली! मी संतापून बोलत त्याच्याबरोबर घरापर्यंत गेलो. तो मात्र बंद दारापुढे थांबला, दोन्ही तळवे पुढे धरले आणि हाक दिली, "रिकामाच आलोय गं."

मग आतून कडी निघाली.