शाडूचे डोहाळे

रोहेकरीण माती खायची. गणपतीसाठी मळायला घेतलेल्या शाडूतला सुपारीएवढा गोळा गालात धरायची आणि चघळत बसायची. माहेर रोह्याकडचं, म्हणून पेणजवळच्या आमच्या जोहे गावात तिला सगळे रोहेकरीण म्हणत. नावाने हाक कुणी मारली नाही.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. आम्ही दोघी एकाच कारखान्यात शाडू मळायला होतो. "काय गो खातेस ही?" असं विचारलं की म्हणायची, "भातापेक्षा बरी लागते."

भात तरी तिला किती मिळायचा? ती सगळ्यांच्या मागून जेवायची. मासळी पुरुषांना आणि सासूला. हिच्या वाट्याला कालवणाचं पाणी आणि भांड्याची खरवड. वर पाळी आली की रक्त थांबायचं नाही.

माती खाते हे सासूला कळलं तेव्हा ती कारखान्यात येऊन ओरडली, "डोहाळे लागलेत गो माझ्या सुनेला! आता पोरगाच!" घरात दोन मुली होत्या, म्हणून हा आनंद. बायका म्हणाल्या, "रोहेकरनी, गणपतीच होईल गो तुला, सोंडेसकट!" ती हसली नाही. आठवड्यात पाळी आली. मग सासूने जे तोंड सोडलं ते कित्येक दिवस बंद केलं नाही.

त्यानंतर ती मनाने खचत गेली. मळता मळता थांबायची, हात मातीतच. मुली हाका मारायच्या, ती बघायची नाही. मला एवढंच म्हणाली, "आतनं चिखल झालाय गो. उभाच रावत नाय." घरच्यांनी भगताकडे नेलं. त्याने अंगारा दिला. तोही तिने खाल्ला.

मी तिला पेणला सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी खालची पापणी ओढली. आत शाडूसारखी पांढरी. त्या म्हणाल्या, "अंगात रक्तच नाही. माती खाते ती त्यानेच. मन खचतं त्यालाही हे कारण असू शकतं. सगळं त्यानेच होतं असं नाही, पण आधी रक्त वाढू दे." लोहाच्या गोळ्या दिल्या. पालेभाजी, नाचणी, सुकट खा म्हणाल्या.

गोळ्यांनी फरक पडला. माती सुटली. एकदा तर माझ्या मळण्याला नावं ठेवून हसली. "ही माती हाय का शेण गो?" म्हणाली.

पण गोळ्यांनी शौचाला काळं होतं. ते सासूला कळलं. "आतडी जळतायत तुझी," म्हणत तिने गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. मी भांडायला गेले तर नवरा म्हणाला, "आमच्या घरात तुमचं काय काम?" रोहेकरीण कोपऱ्यात बसून होती. गालात शाडूचा गोळा.

पावसाळ्याआधी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. भरलेला हंडा काठावर नीट ठेवलेला होता.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. खाडीवर पिंड द्यायला बसलेला तिचा दीर धावत घरी आला. "वहिनीला खायला काय आवडायचं? पानात ठेवायला पायजे." सासू नवऱ्याकडे बघायला लागली, नवरा मुलींकडे. "असेल ते खायची," सासू म्हणाली.

मी तिथेच होते. म्हटलं, "शाडू ने."

दीर रागाने बघून निघून गेला. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, आणि घरी येऊन जेवले.