डेपोतल्या बाटल्या

दुसऱ्यांची लघवी बाटल्यांत भरून, वर नावं चिकटवून ज्यानं नागपूरला पोचवली आहे, त्याला गप्पांत विषय कमी पडत नाही! सत्तरच्या दशकात वर्ध्याजवळच्या एका तेल डेपोत मी कंपाउंडर होतो. टँकर भरणाऱ्यांच्या अंगात पेट्रोलची वाफ किती मुरली, ते लघवीतून कळतं. नागपूरचे डॉक्टर तपासायला येत, बाटल्या गोळा करणं माझ्या नशिबी. आता हे किस्से सुरू केले की आमची मंडळी उठून आत जाते.

*

नमुना घ्यायचा ड्युटी संपताना. टँकर भरणारा सेलूचा भाऊराव सकाळीच हजर! डोक्याला तेल, धुतलेला सदरा, पिशवीत भरलेली बाटली.

"ड्युटीवर नाहीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुट्टी टाकली जी! तपासनी हाय म्हनून कालपासून पेट्रोलले हात नाई लावला. रिपोर्ट फस्क्लास आला पायजे!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. भाऊराव माझ्याकडे वळला, "साहेबाचं डोकं दुखून राह्यलं वाटते. चहा सांगा!"

*

मग सगळ्यांना रबरी हातमोजे दिले. पुढच्या खेपेला पाहतो तर भाऊरावचे हात उघडेच.

"मोजे कुठायत?"

"घरी. बायको मिरच्या कांडते ना, हाताची आग नाई होत. लय सोय झाली जी! अजून एक जोडी द्या, मायलेही पायजे."

*

नामदेवचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गरीब, टेम्पररी माणूस, घरी दोन लेकरं. त्याचा रिपोर्ट खराब आला. मॅनेजर म्हणाला, "पुन्हा असाच आला तर घरी बसायचं. दुसरं काम नाही." नामदेवला जेवण गोड लागेना.

पुढच्या तपासणीला भाऊरावनं डोकं चालवलं. गेटवरचा म्हातारा वॉचमन किसनकाका कधी टँकरजवळही फिरकत नसे. नामदेवच्या बाटलीत काकाची भरायची! "पन एकट्याचंच चांगलं आलं तर साहेबाले शक येईन. सगळ्यायचं सारखंच पायजे!" दुपारभर काकाला चहा पाजला आणि अख्ख्या टोळीच्या बाटल्या भरल्या. मला पत्ताच नाही!

डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले ते तापूनच. "सगळ्यांचा आकडा एकच! आणि इतका खराब की सगळ्यांनाच कामावरून काढावं लागेल. खरं सांगा, ही कोणाची?"

शेवटी नामदेवच रडवेला होऊन म्हणाला, "माह्यासाठी केलं जी त्यायनं. किसनकाकाची हाय."

आम्ही गेटवर धावलो. केबिनचं दार बंद. उघडलं तर वासानं डोळेच चुरचुरले. घमेल्यात पेट्रोल, त्यात पोरांचे कामाचे कपडे, आणि काका उघड्या हातानं ते पिळून राह्यलेले.

"पोरायच्या बायका किती घासतीन?" काका म्हणाले. "यानं डाग पटकन निघते. मी रोजच धुतो जी."

डॉक्टरांचा राग कुठल्या कुठे गेला. ते हळूच म्हणाले, "काका, हे आजपासून बंद. उद्या नागपूरला या, तुमचं रक्त तपासू."

काकाचं तोंड उतरलं. "म्हंजे मलेबी काढता का जी?"

नामदेवनं त्यांच्या हातातला ओला सदरा काढून घेतला.

"काका," तो म्हणाला, "आता तुमच्यासाठी कोनाची बाटली भरू?"