खिडकीभर कंदील

सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर ऑक्सिजनचं मशीन आलं आणि माझ्या फ्रिजवरच्या याद्यांमध्ये आणखी एकीची भर पडली. मशीनची जाळी धुणे. बाटलीतलं पाणी बदलणे. जादाचा सिलिंडर भरलेला आहे का पाहणे. खोलीत उदबत्ती, निरांजन, पणती, काहीही पेटवायचं नाही. ही शेवटची ओळ मी लाल पेनानं लिहिली, कारण दिवाळी तोंडावर होती आणि त्यांची खोली म्हणजेच आमचं देवघर. देव मी स्वयंपाकघरात हलवले. सासूबाई रिकाम्या कोनाड्याकडे पाहत राहिल्या.

माझ्या नवऱ्यानं ते पाहिलं आणि त्याच संध्याकाळी गांधीबागेच्या कापडबाजारातून केशरी कापड आणलं.

दरवर्षी आकाशकंदील मायलेक मिळून करत. तो कामट्या बांधायचा, त्या कागद चिकटवायच्या. या वर्षी कंदील खिडकीएवढा करायचा, व्हरांड्यात टांगायचा, म्हणजे आईला पलंगावरून मान न वळवता दिसेल, असं त्यानं ठरवलं. बांबूचा सांगाडा, वरून कापड, आतून एलईडीच्या पट्ट्या. पट्टी लांब झाली की टोकाचा उजेड मंदावतो, म्हणून प्रत्येक भागाला वेगळा पॉवर सप्लाय. जाळीदार पत्र्याचे ते डबे गच्चीवर ओळीनं मांडले गेले. कचेरीतून आला की तो थेट वर जाई. जेवायला खाली आला की दारातूनच विचारी, "आई, ठीक आहे ना?" आणि उत्तर येण्याआधी पायऱ्या चढायला लागे. खोलीत काही तो बसत नसे. मशीनची घरघर त्याला सहन होत नव्हती, हे मला दिसत होतं. मलाही होत नव्हती, पण जाळी कोणीतरी धुवायला हवीच होती.

सगळ्या पट्ट्या त्यानं पहिल्यांदा एकदम लावल्या तेव्हा घरातली वीज गेली. मशीन किंचाळायला लागलं. आमचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांपुरता. मशीनचा भार त्याला झेपत नाही. मी धावत जाऊन नळी सिलिंडरला जोडली. सासूबाईंची बोटं माझ्या मनगटावर घट्ट आवळलेली होती.

वरून आवाज आला, "अवं, लाइन गेली का?"

"गेली नाही, तुम्ही घालवली!"

त्यानं खाली येऊन बटण वर केलं, पुन्हा गच्चीवर गेला, पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच. या खेपेला तो खोलीच्या दारात आला तेव्हा सासूबाई दम खात म्हणाल्या, "कंदील पाहाले मी तर राहिली पाहिजे ना गा."

तो हसला नाही.

जेवताना त्यानं मला समजावलं. आमच्या मेन स्विचशेजारी एक ईएलसीबी आहे. वीज कुठे गळतेय असं वाटलं की ते साऱ्या घराचा पुरवठा तोडतं, माणसाला शॉक बसू नये म्हणून. त्या प्रत्येक डब्यातून थोडी थोडी वीज अर्थिंगमध्ये जात होती. एकाची काही अडचण नाही, पण सगळ्यांची मिळून ईएलसीबीला ती गळती वाटत होती. "काढतो काहीतरी उपाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या लागल्या आणि वीज गेली नाही. मी त्याचं कौतुक केलं, चहा वर नेऊन दिला.

ईएलसीबीवर टेस्ट लिहिलेलं एक लहानसं बटण असतं. दाबलं की वीज जायला हवी. गेली म्हणजे ते शाबूत आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते दाबायचं, हे माझ्या यादीत कित्येक वर्षांपासून आहे. त्या तारखेला मी आधी सासूबाईंची नळी सिलिंडरला लावली, मग बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. फ्रिज चालूच. मग मला त्या दोन नव्या कोऱ्या वायरी दिसल्या, ईएलसीबीला वळसा घालून थेट पुढे गेलेल्या.

त्याच सकाळी मी गच्चीवर लोखंडी तारेवर ओले कपडे वाळत घातले होते. त्या डब्यांपासून हातभर अंतरावर.

मी मेन स्विच बंद केला. तो वरून उतरला.

"अवं, काहून बंद केलं?"

"टेस्ट दाबलं. वीज गेली नाही. तुम्ही काहून काढलं ते?"

"ते पडलं की आईचं मशीन बंद पडते. आईसाठीच काढलं ना!"

"अन् मले शॉक लागला तर?"

"चार दिवसांचा तर सवाल आहे."

"मग कंदील लावूच नका."

"हो, नाही लावत. पुढच्या दिवाळीले लावतो मग."

बोलून गेला आणि त्यानं आईच्या दाराकडे पाहिलं. पुढच्या दिवाळीबद्दल डॉक्टर आम्हा दोघांशी बोलले होते.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय भांडून राहिले गा? माझा श्वास अन् तुझे लाइट एकाच लाइनीवर काहून ठेवले?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी म्हटलं, "पट्ट्या बारा व्होल्टच्या आहेत ना? मग घराची लाइन कशाले पाहिजे? ई-रिक्षाची बॅटरी आणा भाड्यानं."

"एका बॅटरीवर टोकापर्यंत उजेड पोचणार नाही वं."

"नाही पोचला तर नाही पोचला."

त्यानं माझ्यादेखत त्या दोन वायरी काढल्या आणि ईएलसीबी पहिल्यासारखं जोडलं. मी मेन स्विच लावून टेस्टचं बटण दाबलं. फ्रिज बंद पडला, तसा माझा जीव भांड्यात पडला.

ऑक्सिजनजवळ ठिणगी नको म्हणून बॅटरी आणि स्विच व्हरांड्याच्या पार टोकाला ठेवले. बॅटरी ठरावीक मर्यादेखाली उतरली तर कायमची निकामी होते, म्हणून मीटरवर कोणाचं तरी लक्ष हवं होतं. मीटर व्हरांड्यातही ठेवता आलं असतं. मी यादीत लिहिलं: मीटर, खिडकीत, आतल्या बाजूनं. लक्ष ठेवणार, हे. त्यानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची उचलून आईच्या खोलीत नेली.

लक्ष्मीपूजन झाल्यावर कंदील लागला. साऱ्या खोलीवर केशरी उजेड पसरला. खालचं टोक मात्र अंधारातच होतं.

"तिथं काहून नाही लागला?"

"वायर लांब पडली, आई."

"वायर नाही गा. तेवढा कागद माझ्या हातचा राहिला." मग थोड्या वेळानं, "किती झालं तुझं?"

"बारा पॉइंट दोन."

फटाके वाजत होते, मशीन घरघरत होतं. त्या मधून मधून विचारत, तो आकडा सांगे. साडेअकरा व्होल्टला बंद करायचं, असं आमचं ठरलं होतं. मी फराळाचं ताट घेऊन दारात आले तेव्हा मीटरवर अकरा दिसत होते.

"आता किती?" सासूबाईंनी विचारलं.

"बारा," तो म्हणाला.

स्विच माझ्या मागे, व्हरांड्याच्या टोकाला होता. बंद करा म्हणून सांगणं माझंच काम होतं. मी ताट स्टुलावर ठेवलं, सिलिंडरचा काटा पाहिला आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसले.