पायाळूची कंबर

मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढले. यात माझं कर्तृत्व शून्य, पण नांदूरघाटात तेवढ्यावर मी आयुष्यभर मिरवलो. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो आमच्या ओट्यावर येऊन पालथा पडणार, मी गंभीर चेहऱ्यानं उजवा पाय त्याच्या कमरेला लावणार, आणि तो उठून म्हणणार, "लई हलकं वाटलं." उसण तशीही आपोआप जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

त्यामुळे शेळ्यांसाठी पाण्याचा ड्रम उचलताना माझीच कंबर धरली, तेव्हा मोठी पंचाईत झाली. स्वतःच्या कमरेला स्वतःचा पाय लागत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. कळ मांडीतून पोटरीत उतरली. बायको म्हणाली, "दवाखान्यात चला." पण पायाळू दवाखान्यात गेला तर गावात तोंड कसं दाखवायचं? पाव्हण्याकडं जातो असं सांगून मी मांजरसुंब्याला गेलो. तिथं ढाब्यामागं दुसरा एक पायाळू राहतो. त्यानंही गंभीर चेहरा केला. फक्त तो पाय लावत नव्हता, लाथ घालत होता.

"आता कसं हाय?"

"लई हलकं," मी कळ सोसत दात आवळून म्हणालो. व्यवसायबंधूचं मन कसं मोडायचं?

एसटीकडं निघालो, तर मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, चप्पल राहिली की!" उजवी चप्पल पायातून निसटलेली मला कळलीच नव्हती. पाऊल वर उचलत नव्हतं, नुसतं घासत होतं. तेव्हा मात्र मी घाबरलो.

घरी पोचलो, तर बायकोनं त्याच दिवशी बीडला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडम हाडं, स्नायू आणि नसा एकत्र बघायच्या. त्यांनी मला टाचांवर चालायला लावलं. उजव्या टाचेवर उभंच राहता येईना.

"दुखणं पायात आहे, पण मूळ कमरेत," रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या. "मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेलीय. ताकद आणखी गेली किंवा लघवी अडली, तर लगेच ऑपरेशन. तोवर औषधं आणि व्यायाम. पाऊल पुन्हा उचलेल का, ते आज सांगता येत नाही." मग त्यांनी कमरेवरचा काळानिळा डाग पाहिला. "हे काय?"

"पाव्हण्याकडं पडलो."

"पाव्हण्याची टाच लई मोठी दिसतीय," बायको म्हणाली.

घरी रोज सांगितलेले व्यायाम करायचे आणि पायाकडं बघत बसायचं, एवढंच काम उरलं. उसण भरलेली माणसं यायची. त्यांना मी सांगायचो, "नवस हाय, सध्या पाय लावायचा न्हाई."

एका सकाळी खाटेवर बसलो असताना अंगठा हलला. मग पाऊल थोडं वर आलं. मी आरडाओरडा केला. बायको पिठाच्या हातानं धावत आली.

"बघ! आता लोकांना पाय लावता यील मला!"

ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "लोकांचं काय घिऊन बसलाव? तुमाला जलमभर धरून न्यावं लागतंय का काय, आन् मी तरी किती दिस पुरंल, ह्याच्यानं जीव निस्ता टांगणीला लागलाय माजा."

इतके दिवस मी गावातल्या अब्रूची काळजी करत होतो. तिच्या जिवाला काय घोर लागलाय, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

तिनं डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. माझ्या पावलावर हात ठेवून ती म्हणाली, "पुन्ना उचला."

मी उचललं.

"पुन्ना."