चारशे बाराच्या खाली

शिवणकाकूंचा जन्मच दुसरेपणावर झाला होता. थोरल्या बहिणीनंतर दोन वर्षांनी त्या आल्या आणि बहिणीला आखूड झालेलं सगळं त्यांच्या अंगावर चढत गेलं. फ्रॉक, दप्तर, वह्यांची उरलेली कोरी पानं. गणिताच्या पुस्तकात उत्तरं आधीच लिहिलेली असायची, आणि तीही चुकीची. पुढे लग्न झालं तेही बिजवराशी. नवरा देवमाणूस, कधी आवाज चढवायचा नाही. पण कढई पहिलीची, पडदे पहिलीचे, मीठ कुठल्या डब्यात राहील तेसुद्धा पहिलीनंच ठरवून ठेवलेलं. काकूंनी धंदा धरला तोही कपडे अल्टर करायचा, म्हणजे थोरल्याची पँट धाकट्याला बसवून द्यायची. याला काकू 'माझं मेलं उष्टं नशीब' म्हणत, आणि दिवसातून दोनदा तरी म्हणत.

वाचनालयाची पायरी त्या पहिल्यांदा चढल्या तीही पहिलीचं राहिलेलं काम निस्तरायला. कपाट आवरताना एक जाडजूड कादंबरी हाती लागली. मागे सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का, परत करायची तारीख पाच वर्षांपूर्वीची, आणि एकशे चाळिसाव्या पानावर खूण म्हणून केसांची पिन. पहिली तिथवर वाचून आजारी पडली ती पुन्हा उठलीच नाही. काकूंनी सहज ते पान वाचलं. मग पुढचं. मग गॅसवरचं दूध उतू गेलं, शिलाईला आलेलं गिऱ्हाईक दार वाजवून परत गेलं, आणि दिवेलागणीला पुस्तक संपलं. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की एकशे चाळीसच्या पुढे पोचलेली या घरातली पहिली बाई आपण! हे त्यांना फार म्हणजे फारच आवडलं. सुरुवातीची पानं त्यांनी दुसऱ्या दिवशी वाचली, शेवट माहीत असताना.

पुस्तक परत करायला निघाल्या तेव्हा नवरा म्हणाला, "सभासद व्हायचंय? मग तिचाच नंबर चालू करून घे की. तीनशे पाच."

"मला माझा नवा नंबर हवा," काकू म्हणाल्या, आणि सहाशे अठरा घेऊन आल्या.

पोस्टाच्या मागे दोन लांबट खोल्या, लोखंडी मांडण्या, वर्तमानपत्रांचं मोठं टेबल आणि कुरकुरणारा पंखा, एवढंच काय ते वाचनालय. पण तिथे तुम्ही कोण, कुणाच्या कोण, कितवी बायको, असं कुणी विचारत नाही. नंबर विचारतात. डॉक्टरीणबाई रांगेत पुढे असली तरी मागच्या हमालाच्या हातात तिच्याइतकंच चांगलं पुस्तक पडतं. उष्ट्याचा एवढा तिटकारा असलेल्या काकूंना इथल्या हाताळलेल्या पुस्तकांचा मात्र कधी विटाळ वाटला नाही. आठवड्याला दोन, कधी तीन. मशीनच्या पायट्यावर पाय आणि मांडीवर पुस्तक. एकदा तर एका साहेबांच्या पँटचा एकच पाय आखूड झाला. पुस्तकातला खून कुणी केला हे नेमकं त्याच वेळी कळत होतं.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण वाचनालयात चारशे बारा होता.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी डकवलेली असायची. त्यावर सभासदाचा नंबर, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. वाचनालयाचा कडक नियम होता, की नंबर पडल्याशिवाय पुस्तकानं उंबरठा ओलांडायचा नाही, मग न्यायला खुद्द अध्यक्ष का येईनात. नवी पुस्तकं दाराजवळच्या मांडणीवर लागली, की काकू हातातलं शिवण टाकून धावत. पुस्तक उचलायचं, मागचं पान उघडायचं, आणि पहिल्याच ओळीत चारशे बारा! त्याच्या खाली सहाशे अठरा. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं तेच. पत्रिकेत लिहून आल्यासारखा हा माणूस प्रत्येक पुस्तकात काकूंच्या आधी जाऊन बसलेला.

सहा सहा पुस्तकं तो एकदम न्यायचा आणि चौथ्या दिवशी परत आणायचा. चार दिवसांत सहा! आणि आवड तरी कसली, दातांच्या रोगांवरचा ग्रंथ, सशाच्या गोष्टी आणि वारसाहक्काचे कायदे, सगळं एकाच दमात. जुनी, फाटायला आलेली पुस्तकंही तो पुन्हा पुन्हा न्यायचा. म्हणजे वाचून वर उजळणी! पानांच्या कडेला कधी चिकट डाग दिसला की काकू म्हणत, "वाचताना काहीतरी गोड खातो मेला."

त्या जळत. जळत म्हणजे अगदी आतून, काही करता विझायचं नाही असं. मनाशी त्यांनी त्याचं चित्रही रंगवलं होतं. निवृत्त न्यायाधीश असणार, खिडकीशी आरामखुर्ची, पायाशी कुत्रा, आणि सून चहा आणून देत असणार. घरच्या सवतीचा निदान भिंतीवर फोटो तरी होता, पण या सवतीला तोंडच नव्हतं. जुन्या ग्रंथपालांना विचारावं तर ते म्हणायचे, "सभासदांची नावं सांगत नसतो आम्ही." आणि दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे हार कबूल करणं. बारा वर्षांत काकूंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"काय म्हणतोय तुझा चारशे बारा?" नवरा जेवताना चिडवायचा.

"जेवा गुमान," काकू म्हणायच्या.

मग जुने ग्रंथपाल निवृत्त झाले आणि नव्या ग्रंथपालबाई आल्या. तरुण, उत्साही, आल्या आल्या कामाला जुंपलेल्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, की वर्धापनदिनी 'सर्वाधिक वाचक' निवडणार. त्याला मान असा, की नव्या पुस्तकांच्या खोक्याची सुतळी त्यानं कापायची आणि त्यातलं हवं ते पुस्तक सगळ्यांच्या आधी, मांडणीवर लागायच्याही आधी, घरी न्यायचं.

काकू फळ्यासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या आधी! कोरं पुस्तक, कोरी चिठ्ठी आणि वर कुणी नाही. आयुष्यात दुसरं काही नको, पण हे एक हवं, असं त्यांना वाटलं. त्या दोन महिन्यांत त्यांनी पन्नास पुस्तकं वाचली. डोळे सुजले, गिऱ्हाइकं बोंबलली, नवऱ्यानं स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावली.

बाईंनी रात्रीचा दिवस करून चिठ्ठ्या मोजल्या, आणि फळ्यावर निकाल लागला. पहिला क्रमांक, सभासद चारशे बारा. दुसरा, सहाशे अठरा.

"नको जाऊस समारंभाला," नवरा म्हणाला.

"जाणार. त्याचं थोबाड तरी बघू दे."

रविवारी पाच वाजता वर्तमानपत्रांचं टेबल बाजूला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. काकू पहिल्या रांगेत, ओठ आवळून. बाईंनी छान भाषण केलं आणि पुकारलं, "चारशे बारा!"

कुणी उठेना. बाईंनी पुन्हा पुकारलं. तेव्हा मागच्या दारातून एक वाळका, पन्नाशीचा माणूस खांद्यावर गाठोडं घेऊन पुढे आला. नखांत खळ वाळलेली, शर्टाला पुठ्ठ्याचा भुसा. टेबलावर गाठोडं ठेवून म्हणाला, "आठ झालीत. उरलेली चार बुधवारी देतो."

बाई हसून म्हणाल्या, "अहो, ते राहू द्या. तुमचा आज सत्कार आहे. वर्षभरात इतकी पुस्तकं! सांगा ना सगळ्यांना, सर्वांत जास्त कुठलं आवडलं?"

तो भांबावला. एकदा बाईंकडे, एकदा खुर्च्यांकडे बघितलं. "मी बाइंडर आहे बाई. नवी पुस्तकं मांडणीवर लागायच्या आधी पुठ्ठा बांधायला मी घरी नेतो. जुनी उसवली की तीही शिवतो. नंबर पडल्याशिवाय पुस्तक बाहेर जात नाही, म्हणून जुन्या साहेबांनी मला नंबर दिला होता." मग नखातली खळ खरवडत म्हणाला, "मला आकडे येतात, मापाला लागतात ना. वाचता नाही येत."

हशा पिकला. बाईंचा चेहरा पडला. काकू मात्र हसल्या नाहीत. बारा वर्षं! बारा वर्षं आपण एका खळीच्या डब्यावर जळत होतो? धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना झालं.

बाईंनी सावरून घेतलं आणि सहाशे अठराला पुकारलं. म्हणजे हा मानही दुसऱ्याच्या अंगावरून उतरून त्यांच्या अंगावर चढला. पण काकू गेल्या. का नाही जाणार? बाइंडरनं आपल्या खिशातली कात्री त्यांच्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "सहाशे अठरा तुम्हीच का?"

"का?"

"माझ्या खाली कायम तुमचाच आकडा. मी खळ वाळवून पुस्तक दिलं की लगेच तुम्ही नेणार. दर वेळी वाटायचं, एवढं काय असतं आत? हातात आधी माझ्या येतं, आणि मिळतं सहाशे अठराला." त्यानं मान खाली घातली. "लई जळायचो मी तुमच्यावर."

काकूंनी सुतळी कापली. ती एका दमात कापली गेली नाही.

ते कोरं पुस्तक त्यांनी घरी नेलं, नाकाला लावलं, चिठ्ठीवरचा पहिल्या ओळीतला सहाशे अठरा नवऱ्याला दोनदा दाखवला. तीन दिवसांत वाचून काढलं. चांगलं होतं. पण वाचताना कुणाच्या मागे धावायचं नव्हतं, म्हणून की काय, त्या अधूनमधून उठून भांडी आवरत होत्या. चौथ्या दिवशी पुस्तक बांधणीला द्यायला ग्रंथपालबाईंची परवानगी घेऊन त्या स्वतःच बाइंडरच्या खोलीवर गेल्या.

"काय आहे हो यात?" त्यानं पुठ्ठा मापता मापता विचारलं.

काकूंनी अर्धी गोष्ट सांगितली आणि ऐन मोक्याला थांबल्या. "पुढचं नाही सांगणार. स्वतः वाचायचं."

"टोमणा मारता होय?"

"टोमणा नाही. शिकवते. शनिवारी दुपारी दुकान बंद असतं माझं."

दीड वर्ष लागलं. बाइंडर हट्टी आणि काकू तापट. "अहो, सुई चालते तसं सरळ वाचा, उड्या कसल्या मारता!" असं त्या ओरडायच्या, आणि तो म्हणायचा, "मग तुमचंच शिवण वाकडं का?" पण अक्षरं जुळली. पहिलं पुस्तक कुठलं, असं त्यानं विचारलं तेव्हा काकूंनी मांडणीवरून तीच जाडजूड कादंबरी काढून दिली. तिचं शिवण त्यानंच दोनदा केलं होतं. जुनी चिठ्ठी भरल्यामुळे नवी डकवलेली होती. काकूंनी पुस्तक नुकतंच पुन्हा वाचून परत केलं होतं, म्हणून वरच्या ओळीत सहाशे अठरा, आणि खाली चारशे बारा. या खेपेला शिवायला नव्हे.

पुस्तक घरी नेलं, तरी वाचायला तो वाचनालयातच येऊन बसायचा, ओळीखाली बोट धरून. एका दुपारी काकू समोर वर्तमानपत्र धरून बसल्या होत्या, एक अक्षर न वाचता. मध्येच तो खुदकन हसला. मग गंभीर झाला. मग वर बघून म्हणाला, "हा परत येतो का हो? नाही, नको. सांगू नका."

"कितवं पान?" काकूंनी विचारलं.

"एकशे एकोणचाळीस."

काकूंच्या पोटात बारा वर्षांची ती ओळखीची आग पुन्हा पेटली. त्यांना सगळं ठाऊक होतं. कोण परत येतं, कोण येत नाही, कोण मरतं. आधी शेवट आणि मग सुरुवात वाचलेली बाई ती. पहिल्या पानापासून वाचत येऊन, पुढचं काही माहीत नसताना, ते एकशे चाळिसावं पान उघडणं त्यांच्या वाट्याला आलंच नव्हतं, आणि आता कितीही पुस्तकं वाचली तरी येणार नव्हतं.

"उलटा की पान," त्या खेकसल्या. "बसलायत काय नुसते!"

बाइंडरनं बोटाला थुंकी लावली, आणि पान उलटलं.