शिवणताईंचा मुका टीव्ही

शिवणताईंच्या दुकानातला टीव्ही कायम मुका. मशीनच्या खडखडाटात ऐकू काय येणार? म्हणून आवाज बंद, आणि पडद्यावर सदान्‌कदा स्वयंपाकाचे कार्यक्रम. पँट आखूड करायला आलेली बाईसुद्धा जाता जाता विचारायची, "ताई, सध्या बघण्यासारखा कुठला?"

"दुपारचा लाव. त्या बाईचे हात बघ, पीठ मळावं तर असं! सकाळच्याचं नाव नको. कांदासुद्धा आधीच कापून ठेवलेला, त्यात शिकायचं काय?"

एकदा वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका दुकानाच्या दारात घुटमळले. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला. काकू आजारपणातून उठून घरी आल्या होत्या, पण अन्नावरची वासनाच उडालेली. डबा लावला, तर तो आला तसा परत जायचा.

"डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर पुन्हा भरती करावं लागेल," काका हळूच म्हणाले. "मला चहापलीकडे काही येत नाही. कुठला कार्यक्रम बघू?"

"संध्याकाळचा, टोपीवाल्याचा. या आठवड्यात साधी सूपंच आहेत. तो करील तसं करत जा, चुकायचं नाव नाही!" ताईंनी ठासून सांगितलं.

संध्याकाळी छतातून टोपीवाल्याचा आवाज दणदणत खाली आला. ताईंनी मशीन थांबवलं. इतकी वर्षं बघत होत्या, पण ऐकत पहिल्यांदाच होत्या. गडी सूप सोडून मावशीच्या लग्नातल्या उधळलेल्या घोड्याची गोष्ट रंगवत होता. पाठोपाठ जिन्यातून करपल्याचा वास उतरला.

सकाळी काका काळंठिक्कर पातेलं घेऊन हजर. "माणूस गोष्टीवेल्हाळ आहे हो तुमचा! घोडा सापडेपर्यंत मी हललो नाही. इकडे कांद्याचा कोळसा."

"आणि काकू?"

"भिंतीकडे तोंड करून पडलीय. कालही पाण्यावरच."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं!"

संध्याकाळी हातातलं काम टाकून त्या वर गेल्या आणि रिमोट घेऊन त्यांनी आवाज बंद केला. "बस चालवताना गप्पा मारत होतात का?"

"छे! भलतंच काय!"

"मग आताही नाही. नुसते हात बघायचे."

खोली एकदम शांत झाली. तेल तापलं, कांदा पडला. काका पडद्याकडे बघत होते आणि पातेल्याकडे बघायचं विसरत होते. इतक्यात पलंगावरून बारीक आवाज आला.

"अहो, त्यानं गॅस कमी केला. तुम्ही करा की!"

दोघांनी वळून बघितलं. काकू कूस बदलून टीव्हीकडे वळल्या होत्या.

"माझ्याकडे काय बघताय? ढवळा! आता पाणी. हां... अहो, आंघोळीला काढताय का? बास!"

ताई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून हसत राहिल्या.

काकूंनी वाटी हातात घेतली. एक चमचा, मग दुसरा. अर्धी वाटी संपवून म्हणाल्या, "गाजर कच्चं आहे."

"उद्या नीट शिजवतो," काका घाईघाईनं म्हणाले.

"उद्या मी सांगेन तेव्हाच उतरवायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंनी मशीन मुद्दाम थांबवून छताकडे कान लावला. टोपीवाल्याचा आवाज नव्हता. काकू काकांना गाजरावरून फैलावर घेत होत्या.